तहसील म्हणजे काय?



बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि मग दोन महिने घराघरांत एकच विषय असतो, प्रवेश. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील आपल्या घरांतही यंदा तेच झाले. कुणाला कर्जतला प्रवेश मिळाला, कुणाला खोपोलीला, कुणी लोकल पकडून कल्याणपर्यंत गेले. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर, मायनर, क्रेडिट असे शब्द पालकांच्या कानांवर पडू लागले आहेत. फी, पास, गणवेश, बँकेचे खाते, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळ्याची चौकशी होते. पण पहिल्या वर्षाला गेलेली आपली मुलगी किंवा मुलगा आता काय वाचतो, काय लिहितो आणि आपल्या माणसांविषयी त्याच्या मनात काय चालले आहे, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

या महिन्यात हा विषय घेण्याचे कारण आमची एक जुनी विद्यार्थिनी. दहावीपर्यंत ती आमच्याकडे उर्दू माध्यमात शिकली. आता ती कला शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे आणि कर्जतहून रोज खोपोलीला जाते. गेल्या महिन्यात ती एक दोनशे पानी वही घेऊन आली. वहीत कॉलेजच्या नोट्स नव्हत्या. गाडीत, घरात, वर्गात जे पाहिले, वाचले आणि मनात आले ते तिने लिहून ठेवले होते. काही पाने उर्दूत, काही मराठीत. तिच्या परवानगीने आणि तिचे नाव न देता त्या वहीतले तीन प्रश्न आज वाचकांपुढे ठेवत आहोत. हे प्रश्न तिचे एकटीचे नाहीत, म्हणून.

माझी भाषा कोणती?

पहिल्याच पानावर हा प्रश्न आहे. तिने आपल्या एका दिवसाचा हिशेब मांडला आहे. सकाळी दादीशी कोकणी बोली, शाळेतल्या मैत्रिणीशी फोनवर उर्दू, स्टेशनवर आणि बाजारात मराठी, वर्गात फळ्यावर इंग्रजी. संध्याकाळी टीव्हीसमोर हिंदी. इतक्या भाषा येतात, पण निबंध लिहायला बसले की कुठलीच पुरत नाही, असे ती म्हणते. मराठीच्या तासाला उच्चार चुकला की मागच्या बाकावर कुणीतरी हसते. उर्दूत लिहावे तर वर्गात वाचणारे कुणी नाही.

मग तिने एक सुंदर गोष्ट शोधून काढली आहे. कर्जत-खोपोली फाट्यावरची स्टेशने तिने उर्दूत लिहून पाहिली. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. पहिल्या दोन नावांवरच ती अडली, कारण उर्दूत 'ळ' नाही. 'पलसदरी' आणि 'केलवली' लिहावे लागते. नेरळचेही 'नेरल' होते. म्हणजे ज्या लिपीत ती दहा वर्षे शिकली, त्या लिपीत तिच्या रोजच्या वाटेवरची नावे नीट उतरत नाहीत.

आम्ही तिला उलटा प्रयोग करायला सांगितला. मराठीत 'नजर' आणि 'नजराणा' लिही. दोन्हींतला 'ज' सारखाच दिसतो. उर्दू शिकलेल्याला मात्र ठाऊक असते की नजर 'झोय'ने लिहितात आणि नजराण्यातली नज्र 'झाल'ने. दोन शब्दांची घराणी वेगळी आहेत. देवनागरीत ती खूण पुसली जाते. तेव्हा एक लिपी तिच्या गावाचे नाव नीट लिहिते आणि दुसरी तिच्या शब्दांचे कुळ सांगते. तिला दोन्ही येतात. वर्गातल्या बऱ्याच मुलांना यांपैकी एकच येते. हे ऐकल्यावर ती थोडी हसली.

वर्गात हसणाऱ्यांसाठीही एक गंमत आहे. मराठीत लिहिण्या-वाचण्याच्या कामाला लागणाऱ्या वस्तूंची आणि व्यवहारांची नावे घ्या. कागद, शाई, दौत, कलम, दप्तर, मसुदा, अर्ज, सही, नक्कल, हजेरी, रजा, तारीख, मजकूर. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीच्या अंगणात इतके वाढले की आता ते परके वाटत नाहीत. उर्दू माध्यमातून आलेली मुलगी मराठीच्या वर्गात पाहुणी म्हणून जात नाही. तिथले निम्मे सामान तिच्या ओळखीचे आहे.

पालकांनी हे मुलांना सांगायला हवे. डॉ. यू. म. पठाण यांनी आयुष्यभर महानुभाव आणि संत साहित्याचा अभ्यास केला, फारसी आणि मराठीच्या नात्यावर लिहिले, आणि १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याहून मागे जायचे तर सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत रचला. मराठीत लिहिणारा मुसलमान ही नवलाची गोष्ट नाही. ती साडेतीनशे वर्षांहून जुनी वहिवाट आहे. आपल्या मुलांना ही नावे शाळेत ऐकायला मिळाली नसतील, तर ती घरात ऐकायला मिळावीत.

वाचायचे कधी आणि काय?

दुसरा प्रश्न वाचनाचा. तिने प्रामाणिकपणे लिहिले आहे की पहिल्या दोन महिन्यांत तिने एकही पूर्ण पुस्तक वाचले नाही. नोट्सच्या झेरॉक्स वाचल्या, मोबाईलवर बरेच काही पाहिले. पण रात्री आठवायला गेले तर हाती काही राहत नाही.

आपल्या प्रत्येक जलशात वक्ते सांगतात की पहिली आज्ञा वाचनाची आली. बद्रच्या लढाईनंतर लिहिता-वाचता येणाऱ्या कैद्यांनी मुलांना अक्षरे शिकवावीत आणि सुटावे, ही गोष्टही आपण लहानपणापासून ऐकतो. जलसा संपतो, मंडप उतरतो आणि आपण घरी येतो. घरात शोकेस असते, तिच्यात काचेची भांडी असतात. पुस्तकांसाठी वेगळी फळी किती घरांत आहे, हे वाचकांनी आपापल्या घरी नजर फिरवून पाहावे. मुलीला वाचनाचा उपदेश करण्याआधी तेवढे करायला हरकत नाही.

मोबाईलला दोष देऊन आम्ही थांबणार नाही. वाचनाची सवय ज्याला लागली त्याने कुठल्याही काळात वाट काढली आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे लहानपण आठवा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली टाकले जात. ते गोळा करून वाटायच्या कामात लहान कलाम आपल्या चुलतभावाला मदत करीत. ही हकीकत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे आणि 'अग्निपंख' या नावाने ते मराठीत मिळते. त्यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. शाळा-कॉलेजांत त्या दिवशी कार्यक्रम होतील. घरातही एक होऊ द्या.

तिच्यासाठी आम्ही तीन साध्या गोष्टी ठरवल्या. त्या इतरांनाही उपयोगी पडतील.

पहिली, गाडीतला वेळ. कर्जत ते खोपोली जेमतेम पंधरा किलोमीटर. जाताना वीस-पंचवीस मिनिटे, येताना तेवढीच. त्यातली जातानाची पुस्तकाची, येतानाची गप्पांची. रोज सात-आठ पाने झाली तरी दीडशे पानांचे पुस्तक महिन्याभरात संपते.

दुसरी, आलटून-पालटून वाचायचे. एक पुस्तक मराठीतले, पुढचे उर्दूतले. उर्दूतून एकदम जड मराठी ग्रंथाकडे जाऊ नये. आधी आत्मचरित्रे, प्रवासवर्णने, कथा. अडलेला शब्द वहीत लिहायचा आणि त्याचा उर्दू जोडीदार शेजारी लिहायचा. श्रीपाद जोशी यांचा उर्दू-मराठी शब्दकोश राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. कॉलेजच्या ग्रंथपालांकडे तो मागावा.

तिसरी, वाचनालयाचे सभासद व्हायचे. आपल्या राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान मिळते. तिथे आपली वर्दळ वाढली आणि उर्दू पुस्तकांची मागणी नोंदवहीत लेखी झाली, तर पुस्तके येण्याची वाट तयार होते. न मागता कुणी आणून देत नाही.

यात आणखी एक गोष्ट तिने स्वतः जोडली. वाचलेले ती रात्री दादीला मोठ्याने वाचून दाखवते. दादीला देवनागरी येत नाही, उर्दू अक्षरे लावून वाचता येतात, पण डोळे साथ देत नाहीत. मराठी पुस्तक नातीने वाचले की दादीला ते सगळे कळते. मधेच दादी थांबवते आणि म्हणते, आमच्या वेळी असे नव्हते, असे होते. वहीतली सगळ्यात चांगली पाने या 'असे होते'मधून आली आहेत. सांदणासाठी तांदळाचा रवा किती जाडसर हवा, नारळाचे दूध कधी घालायचे, हळदीच्या रात्री बायका कोणती कोकणी गाणी म्हणत, नवरीच्या आईसाठी कोणते आणि नवऱ्याच्या बहिणीला चिडवायला कोणते. ही गाणी दादीच्या पिढीला तोंडपाठ आहेत. नातीच्या पिढीला त्यांच्या चाली तेवढ्या आठवतात. मधली पिढी डीजे लावते. वही नसती तर ती दादीबरोबर गेली असती.

आपल्या माणसांविषयी लिहावे का?

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. त्यापायी तिच्या घरात चार दिवस कुणी धड बोलत नव्हते.

झाले असे. दहावीत तिच्या बाकावर तिघी बसायच्या. पुढे कॉलेजला ती एकटी आली. दुसरीचे लग्न झाले. तिसरी दहावी पास होऊन घरी बसली. का बसली ते तिने वहीत लिहिले. स्टेशन लांब, गाडीची वेळ अडनिडी, फी एकाचीच भरता येईल तर ती भावाची भरावी, मुलीच्या हातात मोबाईल आला तर लोक काय म्हणतील, आणि शिकून करायचे काय. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. आपल्यापैकी अनेकांनी ही वाक्ये ऐकली आहेत, काहींनी उच्चारलीही आहेत.

एका नातेवाईक खालाने ती पाने पाहिली. ती पाने उर्दूत होती, म्हणून खालाला वाचता आली. खाला म्हणाली, ही मुलगी घरादाराच्या गोष्टी लिहिते, उद्या हिच्या रिश्त्याचे बघताना लोक विचारतील, वही फाडून टाका. अब्बांचे शिक्षण मराठी शाळेत झालेले. त्यांना उर्दू वाचता येत नाही. त्यांना खालाच्या बोलण्यापेक्षा वेगळीच गोष्ट लागली. ते मुलीला म्हणाले, उर्दूत लिहितेस ते माझ्यापासून लपवायला का?

हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. आपल्या किती घरांत असे असेल! अम्मी उर्दू माध्यमाची, अब्बा मराठीचे, धाकटा भाऊ इंग्रजी शाळेत. एका छताखाली राहतात, एका दस्तरखानावर जेवतात आणि एकमेकांचे लिहिलेले वाचू शकत नाहीत.

अब्बा आमच्याकडे आले. तुम्हीच सांगा, म्हणाले, लिहू द्यायचे की नाही. आम्ही त्यांना आपल्याच जिल्ह्याशी नाते असलेल्या एका मुलीची हकीकत सांगितली. तीच इथे सांगतो.

जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम नाझली यांची धाकटी बहीण अतिया फैजी. बद्रुद्दीन तय्यबजींच्या विस्तारित परिवारातली ही मुलगी. १९०६ साली ती शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेली. तिथल्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात ती वर्षभर राहिली. वर्गात काय शिकवले, वसतिगृहात काय खाल्ले, कोणाला भेटली, कुठे घराची आठवण आली, हे सगळे ती उर्दूत लिहून घरी पाठवत असे. मोठी बहीण जोहरा ते नजरेखालून घालून लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या पत्राकडे पाठवी. १८९८ साली सय्यद मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी सुरू केलेले हे पत्र. घराबाहेर न पडणाऱ्या बायकांना एका विद्यार्थिनीचा दिवस कसा जातो हे त्यातून कळले. अतियाचा अभ्यासक्रम पूर्ण झाला नाही, ती पदवीशिवाय परत आली. पण ती रोजनिशी पुढे पुस्तकरूपाने निघाली आणि शंभर वर्षांनंतर अभ्यासकांनी तिचे इंग्रजीत भाषांतर केले. प्रमाणपत्र मिळाले नाही, वही टिकली.

या हकीकतीत अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. अतियाचे लिहिणे घरापासून लपलेले नव्हते. ते आधी घरात वाचले जाई. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे बहीण पाहत असे. त्या परिवारातल्या घरांत 'अखबार की किताब' नावाची वही असायची. घरातले लहानथोर, बायका, पुरुष, सगळे तिच्यात लिहीत. कोण आले, कोण गेले, कोण आजारी पडले, पाऊस कधी आला. आज त्या परिवाराचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्या वह्यांचा आधार आहे. त्यांच्याकडे पैसा होता, बंगले होते, हे खरे. पण वहीला बंगला लागत नाही.

खालाच्या म्हणण्यातही एक खरी भीती होती आणि तिला झिडकारणे बरोबर नाही. कुणाचे वैगुण्य नाव घेऊन पाठीमागे सांगणे ही गीबत. ती तोंडाने केली काय आणि लेखणीने केली काय, सारखीच. पण आपल्या वस्तीत मुली दहावीनंतर घरी बसतात, असे लिहिणे ही गीबत नाही. ती आपल्या दुखण्याची नोंद आहे. डॉक्टरला दुखणे सांगायला लाजणारा बरा होत नाही. म्हणून आम्ही तिला दोन बंधने घालून दिली. जे स्वतः पाहिले तेच लिहायचे. आणि ज्याच्याविषयी लिहायचे त्याला आधी विचारायचे.

ती मैत्रिणीकडे गेली आणि तिला पाने वाचून दाखवली. मैत्रीण म्हणाली, लिही, माझे नाव नको. आणि हेही लिही की मला बारावी करायची आहे. हे वाक्य तोवर कुणी ऐकले नव्हते, कारण तिला कुणी विचारलेच नव्हते. मग चौकशी झाली. राज्य मंडळाचा फॉर्म नंबर १७ भरून बाहेरून बारावीला बसता येते, हे त्या घराला कळले. दहावीनंतरचे दोन वर्षांचे अंतर पूर्ण झाले होते. मुलीच्या वडिलांनी होकार दिला आहे. मुदतीत फॉर्म भरला जाईल, इन्शाअल्लाह. पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहेच. एका वहीतल्या दोन पानांनी एवढे काम केले.

घरी काय झाले तेही सांगतो. वही फाडली गेली नाही. अब्बांनी एकच अट घातली. रविवारी रात्री मुलीने उर्दूतली पाने मोठ्याने वाचून दाखवायची. ती वाचते, ते ऐकतात. एखादे पान त्यांना आवडले की म्हणतात, हे मराठीत लिहून दे, मला कामावरच्या मित्राला दाखवायचे आहे.

कौम कुठपर्यंत?

वहीच्या शेवटच्या पानांवर एक नोंद आहे, जी वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. ती इर्शाळवाडीविषयी आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची ती ठाकरवाडी दरडीखाली गेली. वर जायला मोटारीचा रस्ता नव्हता, बचावाला गेलेले लोक पावसात पायी चढले. चार दिवसांनी शोध थांबला. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. आमची विद्यार्थिनी तेव्हा अकरावीत होती. ती लिहिते की २७ आणि ५७ हे आकडे सगळ्यांना पाठ झाले, पण त्या वाडीत भात लावताना कोणती गाणी म्हणत, कोणाच्या दारात कसले झाड होते, हे आपल्याला सांगायला कागद नाही. आज तिच्या वर्गात ठाकर समाजाच्या मुली आहेत. त्यांचीही घरची बोली वेगळी, त्यांच्याही उच्चारांना कुणी हसते. गाडीत ती त्यांच्या शेजारी बसते. एका मुलीच्या आजीची गाणी लिहून घ्यायचे दोघींनी ठरवले आहे.

आपल्याकडे 'कौम' म्हटले की जमातीपुरते पाहिले जाते. 'समाज' शब्दाचेही तेच झाले आहे, जो तो आपापल्या समाजाचा. अठरा वर्षांची मुलगी मात्र ज्या डब्यात बसते त्या डब्याकडे पाहून विचार करते आहे. हसू कुणाला येते आणि गप्प कोण बसते, हे तिला दिसते. आपल्या माणसांविषयी लिहायला लागलेला मनुष्य हळूहळू शेजारच्याविषयीही लिहू लागतो. तसे झाले तर ते चांगलेच आहे.

आणि आपल्याविषयी आपण लिहिले नाही, तर काय राहते? नेरळ-माथेरानची छोटी गाडी सगळ्यांना माहीत आहे. दोन फूट रुंदीचा तो मार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधला, पैसा त्यांचे वडील सर आदमजी यांचा, आणि १९०७ साली गाडी सुरू झाली. सहलीला येणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत असते? आपल्या मुलांना तरी आहे का? पैसा ओतणाऱ्या धनिकाचे नाव निदान पुस्तकात सापडते. त्या डोंगरात सुरुंग लावणाऱ्या, स्लीपर वाहणाऱ्या मजुरांच्या आठवणी त्यांच्या घरांतच असतात आणि लिहून ठेवल्या तरच टिकतात. हमीद दलवाईंच्या विचारांशी आपल्यातल्या अनेकांचा वाद आहे आणि तो राहील. पण कोकणातल्या मुसलमानांचे गाव मराठी वाचकाला दिसले ते १९६५ च्या त्यांच्या 'इंधन' कादंबरीतून, हेही खरे. ज्याला ते चित्र पटत नाही त्याने दुसरे काढावे. लेखणी सर्वांना मोकळी आहे.

दोन तहसिली

अतिया फैजीच्या त्या पुस्तकाचे नाव 'जमाना-ए-तहसील'. आमच्या विद्यार्थिनीने हे नाव ऐकले आणि विचारले, तहसील म्हणजे आपले तहसील ऑफिस ना? उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जिथे रांग लावली तेच?

शब्द तोच आहे. अरबीत त्याचा अर्थ मिळवणे, गोळा करणे. 'हासील' आणि 'महसूल' त्याच मुळापासून निघाले. सरकार जिथे महसूल गोळा करते ती तहसील. आणि विद्यार्थी जेव्हा इल्म गोळा करतो, तेव्हा उर्दूत त्यालाही तहसील म्हणतात. अतियाच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ, शिकण्याचे दिवस. पहिले वर्ष म्हणजे हेच दिवस. दाखल्यासाठी आपण एका तहसिलीत चार-चार खेपा घालतो. दुसरीसाठी घरातली एक फळी, एक वही आणि आठवड्यातला एक तास पुरतो.

म्हणून वाचक बंधुभगिनींना एक विनंती. या महिन्यात घरात एक जाड वही आणा. तिच्यावर कुणा एकाचे नाव नको, घराचे नाव घाला. आठवड्यातून एकदा कुणीही काहीही लिहावे, उर्दूत, मराठीत, कोकणी बोलीत, ज्याला जी लिपी येते तिच्यात. दादी-नानींनी सांगावे, नातवंडांनी लिहावे. मग ज्याला ती लिपी येत नाही त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. भाषा वेगळ्या असलेल्या घरात हेच मुख्य काम आहे. हळदीची गाणी, सांदणाची रीत, आजोबांची गिरणीतली नोकरी, २००५ चा पूर, मुलीचा कॉलेजचा पहिला दिवस, काहीही चालेल. तारीख मात्र घालायला विसरू नका.

पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनी आपल्या वहीतले एखादे पान या सदराकडे जरूर पाठवावे. घरच्यांना वाचून दाखवलेले असावे, एवढीच अट. नाव छापायचे की नाही ते तुम्ही ठरवा. निवडक पाने आम्ही पुढील अंकांत देऊ. आणि तुमच्या शेजारी दहावी होऊन घरी बसलेली एखादी मुलगी असेल, तर तिला आधी विचारा, तुला पुढे काय करायचे आहे? उत्तर ऐका. मग फॉर्म नंबर १७ ची चौकशी करा.

खुदा हाफिज.